यॉर्कला कधी जावे? हवामान वाचून सहलीच्या तारखा ठरवण्याची क्रमवार पद्धत

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कला जाणारी आपल्याकडची मंडळी तारखा ठरवताना बहुधा उलट्या क्रमाने जातात. आधी स्वस्त मिळाली म्हणून विमानाची तिकिटे काढली जातात, मग त्या तारखांना मिळेल तो मुक्काम शोधला जातो आणि हवामानाची चौकशी बॅगा भरण्याच्या आदल्या रात्री होते. तिथे पोहोचल्यावर कळते की दुपारी चारच्या आत अंधार पडतो, किंवा घोडशर्यतींमुळे शहरात खोली मिळत नाही, किंवा नदीकाठचा रस्ता पाण्याखाली आहे. यॉर्क हे पायी फिरण्याचे शहर आहे. तटबंदी, अरुंद गल्ल्या, नदीकाठ आणि कॅथीड्रलभोवतीचा परिसर हे सारे उघड्यावरचे असल्यामुळे हवामान चुकले की सहलीचा मोठा भाग हातातून जातो. पुढील टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने पूर्ण करावेत.

टप्पा १: सहलीचा हेतू आधी लिहून काढावा

‘यॉर्क पाहायचे आहे’ एवढ्यावर तारीख ठरत नाही. तटबंदीवरून फिरणे हा मुख्य हेतू असेल तर कोरडे दिवस आणि लांब संध्याकाळ लागते. वस्तुसंग्रहालये आणि नाताळचा बाजार पाहायचा असेल तर पावसाने फारसे अडत नाही. यॉर्कहून नॉर्थ यॉर्क मूर्सच्या माळरानावर फुललेला जांभळा हेदर पाहायचा असेल, तर ऑगस्ट ते सप्टेंबरचा आरंभ एवढाच काळ उरतो. तटाच्या उतारावरील पिवळे डॅफोडिल पाहायचे असतील तर मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य हा काळ धरावा. ती फुले मे महिन्यात मिळत नाहीत.

सोबत कोण आहे हेही याच कागदावर लिहावे. सत्तरीच्या आईवडिलांना ओल्या दगडी फरसबंदीवरून चालवणे आणि कॉलेजातल्या मुलांना चालवणे यांत मोठा फरक आहे, आणि तो फरक महिना ठरवतो.

टप्पा २: टाळायच्या तारखा खोडून टाकाव्यात

चांगल्या तारखा शोधण्याआधी वाईट तारखा बाजूला काढाव्यात, कारण त्या आधीच ठरलेल्या असतात आणि हवामानासारख्या बदलत नाहीत.

पहिल्यांदा इंग्लंडच्या शाळांच्या सुट्ट्या खोडाव्यात: फेब्रुवारीच्या मध्यातील आठवडा, ईस्टरचे सुमारे दोन आठवडे, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंतचा काळ आणि ऑक्टोबरअखेरचा आठवडा. फेब्रुवारीतल्या त्याच आठवड्यात यॉर्कमध्ये व्हायकिंग महोत्सव असतो, त्यामुळे थंडी असूनही गर्दी होते. त्यानंतर मेचा पहिला सोमवार, मेचा शेवटचा सोमवार आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवार या सार्वजनिक सुट्ट्यांचे शनिवार-रविवार बाजूला काढावेत.

पुढची खोडाखोड घोडशर्यतींची आहे, आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. यॉर्कच्या रेसकोर्सवर मे ते ऑक्टोबर या काळात शर्यती होतात. मेच्या मध्यावर तीन दिवसांची आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात ‘ईबोर’ ही चार दिवसांची मोठी स्पर्धा असते. त्या दिवसांत खोल्यांचे दर चढतात, गाड्या भरून वाहतात आणि संध्याकाळी मध्यवर्ती रस्त्यांवर मद्यपींचे घोळके असतात. लहान मुले आणि वडीलधारी माणसे सोबत असतील तर शर्यतीचा शनिवार टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाचे वेळापत्रक रेसकोर्सच्या संकेतस्थळावर बरेच आधी जाहीर होते.

सावधान: २५ डिसेंबरला इंग्लंडमध्ये प्रवासी रेल्वेगाड्या धावत नाहीत आणि २६ डिसेंबरलाही फारच थोड्या असतात. त्या दोन दिवसांत बहुतेक प्रेक्षणीय स्थळेही बंद असतात. माझ्या परिचयातील एक कुटुंब २५ तारखेला सकाळी लंडनहून यॉर्कला निघण्याच्या तयारीत होते. त्यांचा मुक्काम आधीच भरलेला होता आणि तो पैसा गेला.

टप्पा ३: उजेडाचे तास मोजावेत

आपल्याकडे दिवस आणि रात्र यांत फार तर दोन-अडीच तासांचा फरक पडतो, म्हणून उजेड मोजण्याची आपल्याला सवय नसते. यॉर्क जवळजवळ ५४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री नऊ चाळीसच्या सुमारास मावळतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो सकाळी सव्वाआठनंतर उगवून दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. म्हणजे जूनमध्ये सतरा तास आणि डिसेंबरमध्ये जेमतेम साडेसात तास. हा फरक तापमानातील फरकापेक्षा सहलीवर जास्त परिणाम करतो, कारण तटबंदीवरचा रस्ता अंधार पडू लागताच बंद केला जातो.

घड्याळ बदलण्याची तारीख इथेच लिहून ठेवावी. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येते. ऑक्टोबरातील त्या रविवारच्या आदल्या शनिवारी यॉर्कमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. दुसऱ्याच दिवशी तो पावणेपाचच्या आत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हा हिशेब विशेष काळजीने करावा. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी नोव्हेंबरात. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, आणि त्या सुमारास यॉर्कमध्ये सव्वाचारला सूर्य मावळतो. ‘गेल्या वर्षी दिवाळीत शेजारी जाऊन आले आणि छान झाले’ हा आधार म्हणूनच पुरेसा नसतो. शेजाऱ्यांची दिवाळी घड्याळ बदलण्याच्या आधीची होती की नंतरची, हे विचारावे.

पडताळणी: निवडलेल्या तारखेचा सूर्योदय आणि सूर्यास्त कागदावर लिहिला आहे का? त्यांतून जेवण आणि प्रवास यांचे तीन तास वजा केल्यावर उघड्यावर फिरायला किती तास उरतात? पाचपेक्षा कमी उरत असतील तर एक मुक्काम वाढवावा.

टप्पा ४: सरासरी तापमान नीट वाचावे

यॉर्कमध्ये जुलैत दुपारचे सरासरी कमाल तापमान २१ ते २२ अंश सेल्सिअस असते आणि जानेवारीत ते सुमारे ७ अंश असते. जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्या जवळ येतो. मे महिन्यात दुपारी साधारण १६, सप्टेंबरात १८ आणि ऑक्टोबरात १४ अंश धरावे. हे आकडे वाचताना चार चुका होतात.

पहिली चूक म्हणजे हे आकडे दुपारचे कमाल असतात हे विसरणे. मे महिन्यातही सकाळी पारा सहा-सात अंशांवर असू शकतो. दुसरी चूक म्हणजे वारा न मोजणे. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असतात, पण हवा स्थिर असते आणि दहा वाजता ऊन येते. यॉर्कमध्ये १२ अंश भर दुपारी असू शकतात, आणि वारा सुटला की तटबंदीवर उभे राहणे कठीण होते. वसंतात पूर्वेकडून, म्हणजे उत्तर समुद्रावरून वारा येऊ लागला की आकडा तोच राहूनही अंगाला गारठा जास्त जाणवतो.

तिसरी चूक बर्फाबद्दलची आहे. नाताळच्या चित्रांत दिसतो तसा बर्फ यॉर्कमध्ये मिळेल या आशेने डिसेंबर निवडू नये. तिथे बर्फ पडतो तो हिवाळ्यातील मोजके दिवस, आणि तो डिसेंबरपेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत पडण्याची शक्यता अधिक असते. डिसेंबरात मिळतो तो बहुधा ढगाळ, ओला आणि छोटा दिवस.

चौथी चूक उलट बाजूची आहे: इंग्लंडात उकाडा होतच नाही असे धरून चालणे. १९ जुलै २०२२ रोजी यॉर्कच्या आग्नेयेला असलेल्या लिंकनशायर परगण्यात कोनिंग्स्बी येथे ४०.३ अंश तापमान नोंदले गेले. अशी लाट क्वचित येते, पण येते तेव्हा त्रास होतो, कारण जुन्या घरांत चालवलेल्या छोट्या निवासांत वातानुकूलन नसते आणि पंखाही मागून घ्यावा लागतो. जुलै-ऑगस्टात रक्तदाबाचे रुग्ण सोबत असतील तर खोली घेण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे.

टप्पा ५: पाऊस ‘किती’ पडतो यापेक्षा ‘कसा’ पडतो ते पाहावे

घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळतो आणि तेच ढग पुण्यापर्यंत येताना हलके होतात, हे आपल्याला ठाऊक आहे. यॉर्कची जागा तशीच आहे. पश्चिमेकडून येणारे ओले वारे पेनाइन डोंगररांगेवर बराच पाऊस टाकतात. त्यामुळे डोंगराच्या पश्चिमेला असलेल्या मँचेस्टरमध्ये वर्षाला आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील यॉर्कमध्ये सहाशेच्या थोडा पुढे. पुण्याचा वार्षिक पाऊस सातशेच्या पुढे जातो, म्हणजे यॉर्कचा एकूण पाऊस पुण्यापेक्षाही कमी आहे.

इथेच वाचकांची फसगत होते. पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत संपतो. यॉर्कचा पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो, दर महिन्याला साधारण आठ ते अकरा दिवस. ‘पावसाळा टाळून जाऊ’ हा विचार तिथे लागू पडत नाही, कारण टाळण्याजोगा पावसाळाच नाही. पाऊस बहुधा भुरभुर किंवा अर्ध्या-एक तासाची सर अशा रूपात येतो, श्रावणातल्यासारखा मध्येच ऊन देऊन परत येतो. म्हणून कोरडा महिना शोधण्यात वेळ घालवू नये. पाऊस आला तर तासाभरासाठी कुठे आत शिरायचे, हे ठरवावे.

टप्पा ६: ऊज नदीची पातळी पाहण्याची सवय लावावी

यॉर्कच्या मधून ऊज नदी वाहते आणि शहरातच तिला फॉस नदी मिळते. वायव्येकडील यॉर्कशायर डेल्सच्या डोंगरांतून स्वेल, यूर आणि निड या नद्यांचे पाणी ऊजमध्ये उतरते. त्यामुळे यॉर्कमध्ये कडकडीत ऊन असतानाही नदी चढू शकते. डेल्समध्ये पडलेला पाऊस किंवा वितळलेला बर्फ इथे पोहोचायला एक-दोन दिवस लागतात. खालच्या अंगाला राहणाऱ्यांना धरणातून सोडलेले पाणी जसे कोरड्या दिवशी भेटते, तसेच हे आहे.

शरद ऋतूच्या अखेरीपासून हिवाळा संपेपर्यंत किंग्ज स्टेथ हा नदीकाठ पुन्हा पुन्हा पाण्याखाली जातो. गावकऱ्यांना त्याची इतकी सवय आहे की तिथल्या किंग्ज आर्म्स या पबमध्ये पुराच्या खुणा भिंतीवर नोंदवलेल्या आहेत. नोव्हेंबर २००० मध्ये नदी नेहमीच्या पातळीपेक्षा सुमारे ५.४ मीटर चढली होती, आणि २०१५ च्या डिसेंबरअखेर फॉसच्या काठची शेकडो घरे पाण्यात गेली. पर्यटकाला एवढा मोठा पूर क्वचित भेटतो. नेहमी भेटतात ते बंद पडलेले नदीकाठचे रस्ते, थांबलेल्या नौका आणि पाणी शिरलेले सेंट जॉर्जेस फील्ड वाहनतळ.

नोव्हेंबर ते मार्च या काळात जाणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. मुक्काम अगदी काठावर तळमजल्यावर घेऊ नये. नौकाविहाराचे तिकीट आधी काढून ठेवू नये. आणि निघण्याच्या आठवड्यात इंग्लंडच्या सरकारी पूरसूचना संकेतस्थळावर यॉर्कमधील ‘व्हायकिंग रेकॉर्डर’ या मापनस्थानाची पातळी रोज पाहावी. ती चढत असेल तर नदीकाठचा बेत शेवटच्या दिवसावर ढकलावा.

सावधान: पाणी घोट्याएवढेच दिसते म्हणून बुडालेल्या काठावरून चालू नये. काठ कुठे संपतो ते गढूळ पाण्यातून दिसत नाही.

टप्पा ७: आता महिना निवडावा

वरील सहा टप्प्यांनंतर फारच थोडे आठवडे उरतात, आणि ते आपल्या सुट्ट्यांशी जुळतात ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्या शाळा मे महिन्यात बंद असतात. इंग्लंडच्या शाळा तेव्हा, शेवटचा आठवडा सोडल्यास, चालू असतात. म्हणून पहिल्या सोमवारची जोडसुट्टी संपल्यापासून शर्यती सुरू होईपर्यंतचे दिवस, आणि शर्यती संपल्यापासून मेचा शेवटचा आठवडा सुरू होईपर्यंतचे दिवस, हा महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या कुटुंबांसाठी सर्वांत उत्तम काळ मी मानतो. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, झाडांना नवी पालवी असते आणि खोल्या मिळतात. गवताच्या परागकणांची ज्यांना ऍलर्जी आहे, त्यांनी मात्र मेअखेर ते जुलै या काळात आपली औषधे सोबत ठेवावीत.

ज्यांना शाळेचे बंधन नाही त्यांनी सप्टेंबरचे दुसरा आणि तिसरा हे आठवडे घ्यावेत. हवेत उन्हाळ्याची ऊब उरलेली असते, शाळा सुरू झालेल्या असतात आणि संध्याकाळी सातनंतरही उजेड असतो.

एप्रिल फसवा आहे. एखादा दिवस वीस अंशांचा, आणि त्याच आठवड्यात पहाटे दहिवर. डॅफोडिलसाठी जावे, उबेसाठी जाऊ नये. डिसेंबरात जायचेच असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या तीन-चार दिवस आधीपर्यंत चालणाऱ्या सेंट निकोलस या नाताळच्या बाजारासाठी जावे, आणि तेही मंगळवार-बुधवार धरून. शनिवारी तिथल्या गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते. जानेवारी स्वस्त आणि शांत असतो, पण पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो दाखवू नये.

टप्पा ८: व्हिसा, मुक्काम आणि रेल्वे यांचा क्रम

ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसासाठी प्रवासाच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि बोटांचे ठसे दिल्यानंतर निर्णयाला सर्वसाधारणपणे तीन आठवडे धरतात. मे महिन्याच्या सहलीचा अर्ज म्हणून फेब्रुवारीतच भरावा. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडची गर्दी वाढते आणि मुंबई-पुण्याच्या केंद्रांत हवी ती वेळ मिळणे अवघड होते.

व्हिसा हाती येईपर्यंत फक्त विनाशुल्क रद्द करता येणारा मुक्काम धरावा. परत न मिळणारे पैसे कशातही अडकवू नयेत. व्हिसा आल्यावर विमान आणि त्यानंतर रेल्वे. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्कला जायला सुमारे दोन तास लागतात. आगाऊ काढलेले स्वस्त तिकीट त्याच एका गाडीपुरते चालते, म्हणून विमान उतरण्याच्या वेळेला चिकटून ते काढू नये. किमान चार तासांचे अंतर ठेवावे किंवा पहिली रात्र लंडनमध्येच काढावी. जोरदार वाऱ्यात आणि कडक उन्हात या मार्गावरील गाड्या हळू चालवल्या जातात किंवा रद्द होतात. गाडी रद्द झाली तर पैसे परत मिळतात, पण हुकलेले विमान मिळत नाही. परतीच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशीच यॉर्क सोडावे.

टप्पा ९: बॅग

एक जाड कोट आणि आत सुती कपडे ही आपली नेहमीची चूक. खोल्या, दुकाने आणि बस उबदार असतात. जाड कोटात आत घाम येतो आणि बाहेर तोच घाम गार होतो. त्याऐवजी एकावर एक चढवता-उतरवता येणारे पातळ थर घ्यावेत: आत अंगाला बसणारा कपडा, वर पातळ लोकरीचा स्वेटर, आणि सर्वांत बाहेर टोपी असलेले, वारा व पाणी अडवणारे जाकीट. नोव्हेंबर ते मार्च यात थर्मल, कानटोपी आणि हातमोजे वाढवावेत. छत्री बॅगेत असू द्यावी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. वाऱ्यात ती उलटते आणि तटबंदीच्या अरुंद रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जाते.

बूट हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. शॅम्बल्स ही जुनी गल्ली आणि आसपासच्या गल्ल्यांतील दगड पावसात आणि पानगळीत निसरडे होतात. खोल खाचांचा तळवा असलेले, घरी किमान दोन आठवडे वापरलेले बूट न्यावेत. नवे कोरे बूट घालून जाणाऱ्याची सहल दुसऱ्या दिवशी संपते.

टप्पा १०: शेवटचा आठवडा आणि रोजची सकाळ

सात दिवसांपलीकडचा अंदाज कल समजण्यापुरता वाचावा. तीन दिवस आधी ब्रिटनच्या हवामान खात्याचे, म्हणजे मेट ऑफिसचे, पिवळे, अंबर आणि लाल इशारे पाहावेत. अंबर इशारा वाऱ्याचा असेल तर त्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नये.

रोजचा बेत जोडीने करावा: एक उघड्यावरचे ठिकाण, एक छपराखालचे, आणि दोन्हींची अदलाबदल करता येईल असे. तटबंदीची सुमारे ३.४ किलोमीटरची फेरी दोन तास घेते. तिच्या जोडीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय किंवा कॅसल म्युझियम ठेवावे. सकाळी तासावार अंदाज पाहून क्रम ठरवावा. बर्फ साचून निसरडे झाल्यास तटबंदी बंद ठेवतात. यॉर्क मिन्स्टर या कॅथीड्रलचा २७५ पायऱ्यांचा मनोराही खराब हवेत बंद होतो, म्हणून तो पहिल्या कोरड्या दिवशीच चढून घ्यावा. ‘शेवटच्या दिवशी पाहू’ म्हणणाऱ्यांचा तो हमखास राहतो. रविवारी सकाळी मिन्स्टरमध्ये प्रार्थना असतात आणि पर्यटकांना प्रवेश दुपारी मिळतो. तो वेळ तटबंदीला द्यावा.

व्हिटबीला समुद्रकिनारी जाणार असाल तर यॉर्कचा अंदाज पाहून निघू नये. वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी पूर्वेचा वारा असेल तर यॉर्कमध्ये लख्ख ऊन आणि व्हिटबीत समुद्रावरून आलेले दाट, गार धुके असते. स्थानिक लोक त्याला ‘सी फ्रेट’ म्हणतात. व्हिटबीचा स्वतंत्र अंदाज आणि वाऱ्याची दिशा पाहावी, आणि दिशा पूर्वेची असेल तर त्या दिवशी किनाऱ्याऐवजी यॉर्कची तटबंदी चढावी.